पिंकीचा पाय

आमच्याकडे एक कोंबडा होता आणि त्याचं नाव पिंकी होतं. हसलात ना? आमची सगळी बिल्डिंग हसायची. मुलुंड पूर्वेला, बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये कोंबडा कोण पाळतं, हा प्रश्न मलाही रोज पडायचा. पण काही गोष्टी आपण ठरवून करत नाही. त्या घरात शिरतात आणि मग आपण फडकं घेऊन त्यांच्यामागे फिरतो.

२०२३ च्या जूनमध्ये शाळा सुरू झाली, त्याच आठवड्यात लेक घरी आला तो खिशावर हात दाबूनच. खिशात गुलाबी पिल्लू. रंगपंचमी खेळून आल्यासारखं. शाळेच्या गेटबाहेर एक माणूस पुठ्ठ्याच्या खोक्यात हिरवी, निळी, गुलाबी पिल्लं घेऊन बसला होता, २० रुपयाला एक. तुमच्या गावच्या बाजारात, जत्रेतही ही पिल्लं तुम्ही पाहिली असतील. मुलं हट्ट करतात, आपण घेऊन देतो आणि चौथ्या दिवशी मुलांची नजर चुकवून कुंडीत खड्डा खणतो.

सासूबाई म्हणाल्या, "चार दिवसांची पाहुणी गं ही. जीव लावू नका." त्या मूळच्या चिपळूणकडच्या. माहेरी वीस-पंचवीस कोंबड्या, त्यामुळं कोंबडीच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे कायदा. पण हेच बोलता बोलता त्यांनी चपलांच्या खोक्यात जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरला, वर दिवा टांगला आणि तांदळाची कणी भिजत घातली. पिल्लू जगलं. पंधरा-वीस दिवसांत गुलाबी लव गेली आणि पांढरं पीस आलं. लेकानं तोवर 'पिंकी' नाव ठेवून टाकलं होतं. पुढं डोक्यावर लालबुंद तुरा उगवला, तेव्हा कळलं की पिंकी हा कोंबडा आहे. नाव मात्र बदललं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी गॅलरीचं दार उघडलं की हा पायात घुटमळायचा. त्या दिवशी आला नाही. कोपऱ्यात एका कुशीवर पडलेला. डावा पाय पुढं ताणलेला, उजवा मागं. उचलून उभा केला की घसरून खाली. डोळे मात्र लख्ख, आणि भूकही शाबूत. पडल्या पडल्या हातातली कणी खाल्ली.

सासूबाईंनी मान वेळावून बघितलं आणि म्हणाल्या, "पाय गेले. आता याचा रस्सा."

त्यांना निर्दयी समजू नका. गावाकडं हिशेब तसाच असतो. कोंबडी लुळी पडली की दुसऱ्यांना रोग लागायच्या आत ती पातेल्यात जाते. (ही सवय वाईट, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. कशानं आजारी पडलीय ते ठाऊक नसलेला पक्षी कापू नये आणि खाऊ तर नयेच.) पण त्या वर्षी अधिक महिना श्रावणात आला होता, म्हणजे श्रावणच दोन महिन्यांचा. तो अजून संपायचा होता आणि मागोमाग गणपती. घरात वशाट शिजणार नव्हतं. पिंकीला पहिलं जीवदान मिळालं ते असं, पंचांगामुळं.

रात्री लेक झोपेना. दहा वर्षांचं पोर, पांघरुणात तोंड घालून हुंदके देत होतं. खूप विचारल्यावर म्हणाला, "आई, काल माझ्या हातून पडला तो. ओट्यावरून. मी कुणाला सांगितलं नाही." मी म्हटलं, "अरे, कोंबडा कुठं एवढ्यानं..." पण पुढं काय बोलणार? मला तरी कुठं ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी आमच्याच भागातल्या एका प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथले डॉक्टर म्हणाले, "आम्ही कुत्री-मांजरं बघतो. आणि बाई, याच्या किमतीपेक्षा माझी फी जास्त आहे." खोटं काही नव्हतं त्यात. तरी जिना उतरताना डोळे भरून आले. किमतीचं मला का सांगावं? २० रुपये मीच दिले होते.

शेवटी परळ गाठलं. मुंबईत जनावरांचा मोठा दवाखाना म्हटलं की परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या पत्नीच्या नावाचं, एकोणिसाव्या शतकातलं. त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकीय कॉलेज सुरू झालं. मुलुंडहून स्लो लोकल, लेडीज डबा, मांडीवर भाजीची करंडी, वर ओढणी बांधलेली. समोरची बाई मेथी निवडत होती. करंडीतून आवाज आला तशी तिनं विचारलं, "श्रावणात?" मी म्हटलं, "दवाखान्यात नेतेय." ती आधी हसली. मग ओढणी बाजूला करून बघितलं आणि मेथीची चार पानं आत टाकली. भांडुपला चढलेल्या दोघींनी तर आपापल्या गावच्या कोंबड्यांच्या कथा सुरू केल्या. परळ येईपर्यंत डब्यात पिंकीचं नाव सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला वीस मिनिटं तपासलं. दोन्ही पाय वरपासून खालपर्यंत चाचपले, तळवे पाहिले, बोटं ओढून बघितली, मान वळते कशी ते पाहिलं. आणि मला जे सांगितलं, ते तुमच्यापैकी ज्यांच्या अंगणात खुराडं आहे त्यांच्या कामाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोंबडी बसली, उठेना, याची कारणं एक नव्हे, अनेक. पाय मोडलेला असू शकतो. तळव्यात काटा जाऊन गळू झालेलं असू शकतं. अंडी घालणारी असेल तर अंडं अडकल्यानंही ती पाय टाकते. लहान पिल्लांची बोटं मुठीसारखी आत वळली आणि ती घोट्यावर चालायला लागली, तर बहुधा ब-२ जीवनसत्त्वाची कमतरता. लवकर ध्यानात आलं तर ती पिल्लं औषधानं उभी राहतात. राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, यातही पाय जातात, पण त्यात घरघर, हिरवट पातळ विष्ठा आणि मान पिळवटणं असं काही ना काही सोबत असतं आणि खुराडंच्या खुराडं बसतं. आणि तिसरी-चौथी महिन्याची, खाणारी-पिणारी, तरतरीत डोळ्यांची कोंबडी एक पाय पुढं आणि एक मागं टाकून पडली, तर पहिला संशय मरेकचा.

मरेक हे माणसाचं नाव. जोसेफ मरेक हे हंगेरीतले पशुवैद्य. पाय आणि पंख लुळे पडलेले चार कोंबडे त्यांनी तपासले आणि १९०७ साली त्यावर लिहिलं. पुढं कळलं की हा विषाणू आहे. तो शिरांमध्ये शिरतो, त्या सुजतात, पाय जातो. काही पक्ष्यांच्या पोटात गाठी होतात. कोंबडीच्या पिसांतून झडणाऱ्या कोंड्यातून तो पसरतो आणि धुळीत महिनोन् महिने टिकतो. माणसाला तो होत नाही. अंड्यातून पिल्लालाही जात नाही. यावर औषध नाही, पण १९७० च्या सुमारास लस निघाली. कुठल्याही प्राण्यातला कॅन्सर रोखणारी ती पहिली यशस्वी लस मानतात. पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्या पडल्या, पहिल्याच दिवशी, मानेच्या कातडीखाली ती टोचतात. नंतर देऊन उपयोग नसतो.

"मग याला का नाही टोचली?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा अंड्यांच्या जातीचा नर आहे. अंडी देणार नाही, मांसालाही भरणार नाही. उबवणी केंद्रात माद्या वेगळ्या काढतात, त्यांना लस मिळते. याच्यावर पैसा कोण घालणार?"

तेव्हा मला त्या रंगीत पिल्लांचं कोडं उलगडलं. इतकी वर्षं मला वाटायचं की ही पोरांच्या करमणुकीसाठीच कुणी पैदा करत असेल. ती नको असलेली मुलं आहेत. जगभरात दरवर्षी अशी सातशे कोटींच्या आसपास नर पिल्लं जन्मताच मारली जातात असा अंदाज देतात. जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून त्यावर कायद्यानं बंदी घातली. आपल्याकडं त्यातली काही रंगात बुडवून शाळेच्या गेटवर येतात. आपण मुलगा हवा म्हणून नवस करणाऱ्या बायका, आणि इथं नर झाला म्हणून टोपलीबाहेर. असो.

मी मनातला प्रश्न विचारला. पडल्यानं असं होतं का? त्या म्हणाल्या, "हाड मोडलेलं नाही. पण मार बसून शीर दुखावू शकते. मला मरेकच वाटतंय, पण खात्री जिवंतपणी देता येणार नाही." लेकाला घरी येऊन काय सांगू? "डॉक्टर म्हणाल्या, तुझ्यामुळं नाही," असं सांगितलं. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याला कळलं की मी अर्धंच सांगतेय. मुलांना ते कळतं.

मग सुरू झाली शुश्रूषा. डॉक्टरांनी ब जीवनसत्त्वाचे थेंब दिले होते, चुकून तीच कमतरता असली तर म्हणून. खरं औषध म्हणजे घरातलीच मेहनत. ह्यांची जुनी शबनम पिशवी कापली, पायांसाठी दोन भोकं पाडली आणि दोन प्लास्टिकच्या स्टुलांमध्ये झोळी टांगली. पाय जमिनीला जेमतेम टेकतील एवढीच उंच. दिवसातून तीनदा, अर्धा-अर्धा तास त्यात बसवायचं. दिवसभर नाही, नाहीतर मांड्यांना काचतं. समोर दाणा आणि पाणी चोचीच्या उंचीवर. पडलेला पक्षी बहुतेकदा रोगाआधी तहानेनं मरतो, कारण भांडं दोन वितींवर असतं आणि त्याला तिथवर जाता येत नाही. पाणी पाजायचं तर चोचीच्या कडेला थेंब लावायचा, तो आपणहून गिळतो. घशात ओतलं तर छातीत जातं. दोन्ही पाय रोज हलकेच दुमडायचे, सोडायचे, सायकल चालवल्यासारखं. हे काम लेकाचं. घड्याळ लावून दहा मिनिटं, एक दिवस चुकला नाही. माणसांची दुखण्याची गोळी ठेचून द्यायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. आणि हात लावला की साबणानं धुवायचे. कोंबडी किती लाडकी असली तरी तिचे मुके घ्यायचे नाहीत. पोटाचे विकार तिथून येतात.

मला वाटलं होतं, सगळं आलं मला. पण दहाव्या दिवशी सासूबाई झोळीजवळ बसल्या, त्याची पिसं फुंकरून बाजूला केली आणि मला हाक मारली. छातीच्या हाडावर लालसर चट्टा. "एकाच अंगावर ठेवतेस गं. कूस बदल दर दोन तासांनी. खाली गोधडी नको, घामेजते. लुगड्याच्या घड्या घाल, ओली झाली की काढ."

माझे हात थांबले. आमचे सासरे अर्धांगवायूनं आठ महिने अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या पाठीला जखमा झाल्या त्या आम्हाला फार उशिरा कळल्या. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. सासूबाईही त्या दिवशी बोलल्या नाहीत. खोबरेल तेलाची बाटली आणली, चट्ट्यावर बोटानं तेल लावलं आणि त्याला दुसऱ्या कुशीवर वळवलं. त्यानंतर दुपारच्या पाळ्या त्यांच्या झाल्या. मागची बाजू कोमट पाण्यानं धुवून कोरडी करणं, गळ्याखालची पिशवी संध्याकाळी भरली की नाही ते चाचपणं, सगळं त्या करायच्या. रश्श्याचं नाव पुन्हा निघालं नाही. दसरा झाला, दिवाळी झाली तरी नाही.

मधल्या काळात तो आरवायला लागला! पाय लुळे, पण आवाज असा की खालच्या रिक्षावाल्यांनी वर बघावं. पहाटे साडेचारला झोळीतून बांग. बिल्डिंगमध्ये बैठक भरली. एका वहिनींनी बर्ड फ्लूचा विषय काढला. त्यांचंही चूक नव्हतं. २००६ मध्ये नवापूरला काय झालं आणि २०२१ मध्ये परभणीकडं कोंबड्या कशा माराव्या लागल्या, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेलं. मी परळचा कागद दाखवला. आजार कोणता, माणसाला लागत नाही, सगळं सांगितलं. शेवटी तोडगा सासूबाईंनी काढला. रात्री नऊ वाजता पिंकीचं खोकं बाथरूममध्ये, वर जाड चादर, दिवा बंद. अंधारात कोंबडा उशिरा आरवतो. साडेसहाला आरवलेलं कुणाला खटकत नाही, तेव्हा तसेही सगळे नळाला असतात.

दर रविवारी त्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचो. हा मला डॉक्टरांचा सगळ्यात मोलाचा सल्ला वाटतो. डोळे फसवतात, पिसांच्या खाली काय चाललंय दिसत नाही. काटा फसवत नाही. आजारी पडला तेव्हा ११०० ग्रॅम. ऑक्टोबरात १२५०. नोव्हेंबरात १३५० आणि उजव्या पायावर थोडा भार घ्यायला लागला. झोळीतून काढलं की पंखांचा टेकू घेत दोन हात अंतर सरकायचा. घरात कोण आनंद! लेकानं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली, इथपर्यंत आला म्हणून. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी काटा १३०० वर आला. पुढच्या रविवारी १२२०. दाणा तेवढाच, पण अंगाला लागत नव्हता. तुरा फिका पडत चालला. नवीन वर्ष उजाडलं ते १०५० वर. मग डावा पंखही लोंबायला लागला.

'किती दिवस करायचं' हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, मीच स्वतःला विचारत होते. पहिल्यांदा परळला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं: आपणहून खातो का, कुणी आलं की मान वर करतो का, दुखण्यानं कण्हत तर नाही ना, एवढं बघत राहा. संक्रांतीच्या दिवशी लेकानं समोर तीळ टाकले. पिंकीला तीळ म्हणजे जीव की प्राण. त्यानं मान वळवली नाही. सासूबाई म्हणाल्या, "बास. आता त्याला घेऊन जा. मी येते."

१६ जानेवारी. तीच करंडी, तीच लोकल. गुडघे दुखणाऱ्या सासूबाई परळचा पूल धरून धरून चढल्या. दवाखान्यात मांज्यानं कापलेली कबुतरं, घारी ओळीनं आलेल्या, पंखांना पट्ट्या. आमचा नंबर आला. आधी झोपेचं इंजेक्शन, मग दुसरं. सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतलं होतं, शेवटपर्यंत त्यांचा हात त्याच्या पाठीवर होता. त्याला काही कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शवविच्छेदन करायचं का? कॉलेजात होईल, खरं कारण कळेल. सासूबाईंना ते पटेना. "मेलेल्याला कशाला कापायचं?" मी म्हटलं, "आई, आपल्यासाठी नाही. पोरासाठी." त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग करंडीतलं लुगड्याचं फडकं काढून डॉक्टरांच्या हातात दिलं. "झालं की यात गुंडाळा," म्हणाल्या.

तीन दिवसांनी फोन आला. मरेकच. डाव्या मांडीतली मोठी शीर उजवीच्या दुप्पट जाड झालेली, काळजाजवळ गाठी. शिवाय हे इन्फेक्शन पिल्लूपणातलंच, म्हणजे आमच्या घरात यायच्या आधीच किंवा त्या खोक्यातच लागलेलं असणार. पडण्याचा त्याच्याशी संबंध नाही. जाता जाता त्यांनी सांगितलं की आता वर्षभर तरी नवीन पिल्लू आणू नका, गॅलरी साबणानं घासून घ्या, धूळ राहू देऊ नका. आणि तुमच्या गावी कुणी पिल्लं विकत घेणार असेल तर घेताना एवढंच विचारायला सांगा, की मरेकची लस टोचलीय का.

लेक शाळेतून आला. दप्तर काढायच्या आत मी त्याला सगळं सांगितलं, या वेळी पूर्ण. शीर कशी सुजते, ती कुठून कुठं जाते, तेही माझ्याच पायावर बोट ठेवून दाखवलं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"कुठली शीर, आई?"

"डावी."

तो भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघेकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तो तर उजव्या कुशीवर पडला होता." आणि दप्तर उघडून अभ्यासाला बसला.